जनरल प्रुइटचा हुंकार

हमरस्त्याच्या कडेला पन्नास-साठ गाड्या लागल्या होत्या आणि सगळी माणसं एका पाटीकडे तोंड करून गवतात उभी होती. पाटी सरकारी, पोकळ लोखंडी खांबावर बसवलेली. 'जनरल एझ्रा प्रुइट यांनी लढाईवर जाताना इथे घोड्याला पाणी पाजले', एवढंच तिच्यावर होतं. इतकी वर्षं आमच्या परगण्यात ती कोणी धड वाचलीही नव्हती. आता ती बोलत होती.

"जनरल पहाऱ्यावर आहेत," टिलिसबुवा सांगत होता. तो खांबाला कवटाळून उभा होता, हातात प्रार्थनेचा रुमाल. "पलीकडच्या प्रत्येक जिवाला त्यांच्यापुढे हजेरी द्यावी लागते. हुंकार आला तर हो, थांबला तर नाही. विचारा."

"घोड्याला पाणी पाजायला थांबलेला माणूस अजून पुढे गेला नाही होय?" मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

एका बाईने गेलेल्या मुलाला विचारलं, सुखात आहेस का. खांबातून हूऽऽ असा आवाज आला. ती तिथेच गवतात बसली.

मला काहीच वाटलं नाही. माझी बायको आयर्मा गेल्यापासून तसंच चाललं होतं. जेवायचो, ताटली धुवायचो, झोपायचो. मी आलो होतो नेडीनमुळे, माझ्या मुलीमुळे. आईला होती तशीच गाठ तिच्या छातीत निघाली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, काढली तर बरी होईल. पण मागच्या रविवारी नेडीनने इथे विचारलं, "आई, ऑपरेशन करू का?" आणि हुंकार थांबला.

"ती नको म्हणाली, बाबा," नेडीन आताही तेच म्हणत होती. "तिने सगळं भोगलंय."

"डॉक्टर म्हणतात ना..."

"डॉक्टरांनी आईला वाचवलं?"

आठवडाभर घरी हेच चाललं होतं. म्हणून मी ओडमबाईंना बरोबर आणलं होतं. त्या शाळेत बँड शिकवतात. आयर्मा चर्चमध्ये गायची तेव्हा पियानो त्याच वाजवायच्या.

बाईंनी थोडा वेळ ऐकलं. "डेल्मर, मुलगा बोलो नाहीतर आजी, सूर तोच. आयर्मा इतक्या खालच्या पट्टीत कधी गायली?"

"नाही."

त्या सरळ पुढे गेल्या. "ब्रदर टिलिस, रुमाल खिशात ठेवा आणि जरा बाजूला व्हा."

"बाई, रुमालाशिवाय जनरलांना..."

"त्यांनी तोफा पाहिल्यात. रुमालावाचून घाबरायचे नाहीत."

आता लोक हसले. बुवाला हलावंच लागलं. कपाशीच्या शेतावरून वारा येत होता.

"जनरल, आपण वारलात का?" हूऽऽ.

"आपण जिवंत आहात का?" हूऽऽ.

"आपण गाय आहात का?" हूऽऽ.

बाई खांबाच्या मागे गेल्या. "नेडीन, इकडे ये. बोट दे."

खांबाला मागून एक बारीक भोक होतं, कडा आत वळलेल्या. बंदुकीच्या गोळीचं. आमच्याकडे रस्त्यावरची पाटी दिसली की लोकांचे हात शिवशिवतात. भोक नसलेली पाटी परगण्यात शोधून सापडायची नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. या पाटीच्या मागे जाऊन मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

"बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना," बाई म्हणाल्या, "इथे वारा फुंकर मारतो. रुमाल दाबला की बंद."

नेडीनने भोकावर बोट ठेवलं. आवाज थांबला. उचललं, आला. पुन्हा ठेवलं.

"म्हणजे नको म्हणाला तो टिलिस," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या.

"आणि आई?"

"आई काहीच म्हणाली नाही, पोरी."

तिचं बोट तिथेच राहिलं. ती मघाची, मुलाला विचारणारी बाई उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बोट काढ गं. जरा वाजू दे."

मला तिचा राग आला नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याला कशातही आवाज ऐकू येतो, आणि हे ओळखून कोणीतरी रुमाल घेऊन उभा असतो. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की आधी मागे जाऊन बघा. गेलेल्यांची आठवण काढा, पण आजाराचं डॉक्टरांना विचारा.

गुरुवारी मी नेडीनला गाडीतून हॉस्पिटलात नेलं. पाटी आली तेव्हा तिने काच खाली केली. वारा होता. हूऽऽ आवाज आला. तिने काच वर केली.

"बाबा, माझ्या सपाता घेतल्यात ना?"

"घेतल्या," मी म्हणालो.