तोडणीचा दिवस

मोजणीवाल्यानं दोरीखालून वाकून एक पाय मळ्यात टाकला, तेवढ्यात कुलूपनं काठी आडवी धरली. मारली नाही, नुसती धरली, रेल्वेच्या फाटकासारखी. मोजणीवाला तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर वाकून राहिला.

"मळा बंद आहे," कुलूप म्हणाला.

मोजणीवाल्यानं खिशातून कागद काढला. कागदावर महापालिकेचा शिक्का होता, जमिनीचा नंबर होता आणि खाली मालकिणीची सही होती. कुलूपनं कागदाकडे पाहिलं नाही. मालकीण चार पावलांवर उभी होती, तिच्याकडेही पाहिलं नाही.

"अहो काका, मालकीणबाई स्वतः आल्यात माझ्याबरोबर."

"त्यांनाही बंद आहे."

आणि ते खरंच होतं. द्राक्षाचे मणी मऊ पडायला लागले की राखणदारानं मळ्याच्या वाटांवर दोरी बांधायची, दोरीला पेंढ्याची जुडी लटकवायची, आणि त्या दिवसापासून तोडणीपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, ही गावाची जुनी रीत. चोरानं नाही, पाहुण्यानं नाही, मालकानं तर नाहीच. कारण घाईला येतो तो मालकच. एकानं उतावीळपणे कच्ची द्राक्षं तोडली की सगळ्या गावाच्या वाइनला नावं ठेवली जायची. म्हणून तोडणीचा दिवस राखणदारानं ठरवायचा, रोज सकाळी मणी चाखून, एकट्यानं. मालकिणीच्या या धाकट्या दिरानं ते काम एकेचाळीस वर्षं केलं होतं. त्याला कुलूप हे नाव कुणी दिलं ते आठवणारी माणसंही आता उरली नव्हती.

तेव्हा साठ मळे होते. आता हा एकच, आणि तोही चौदा मजली इमारती आणि रिंगरोड यांच्या मध्ये अंग चोरून बसलेला. गावाचं नाव उरलं होतं ते बसथांब्यावर. इमारतीतली माणसं सकाळी धावायला निघायची, दोरीपाशी येऊन थबकायची, कपाळाला आठ्या घालून परत फिरायची. एका बाईनं तर वॉर्ड ऑफिसात तक्रार केली होती की एक म्हातारा आमच्या कुत्र्याला जाऊ देतो, पण आम्हाला नाही. तक्रार अगदी खरी होती. कुत्री द्राक्षं तोडत नाहीत, असं कुलूपचं म्हणणं होतं.

मोजणीवाला तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं पाय मागे घेतला, गुडघा झटकला आणि जाताजाता मालकिणीला बाजूला घेऊन सांगितलं की शनिवारपर्यंत बघा. सोमवारी यंत्रं येणार. मग पीक वेलीवर असो की नसो, साहेब काही ऐकायचे नाहीत.

ती घरी आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहिली. तिथून मळा दिसायचा, त्यामुळे न बघायची सोय नव्हती. तिचा नवरा हिवाळ्याच्या शेवटी गेला. सगळी छाटणी त्यानं एकट्यानं केली, शेवटची ओळ संपवून कात्री धुतली, पुसली, खुंटीला अडकवली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाही. तिचे गुडघे चढाला नको म्हणत होते. मुलगी दूर. छाटणी येणारा माणूस आता गावात शोधून सापडत नव्हता. उन्हाळा लागताच तिनं सही केली. मळ्याच्या जागी बसगाड्यांना वळायची जागा होणार होती. वेलींच्या सहा ओळींवरून दिवसाला दोनशे बसगाड्या वळणार होत्या. तिनं एकच अट घातली होती, की यंदाचं पीक निघाल्यावरच ताबा. त्याच्या हातच्या शेवटच्या छाटणीची वाइन तिला करायची होती. पिंप धुऊन, गंधकाची धुरी देऊन तळघरात उभं होतं. दुसरं काही तिला नकोच होतं.

भाऊजींना मात्र तिनं सांगितलं नव्हतं. आज सांगेन, उद्या सांगेन करत पानं आली, फुलोरा आला, मणी भरले, आणि ते तिच्या जिभेवर तसंच राहिलं.

आता तोडणीला दोन आठवडे उशीर झाला होता. रोज सकाळी कुलूप आत जाऊन यायचा आणि रोज म्हणायचा, अजून नाही. दोरीपाशी गेली की तिला गांधीलमाश्या दिसत होत्या. खालच्या ओळीतले मणी सुरकुतायला लागले होते, आणि काल एका घडावर तिला करडा डाग दिसला होता, बुरशीचा. तिच्या मनानं सरळ हिशोब केला होता. भाऊजींना कुठूनतरी कळलंय. पीक निघेपर्यंत ताबा नाही हेही कळलंय. म्हणून ते पीक निघू देत नाहीत. त्यांचं भांडण माझ्याशी आहे, आणि जीव चाललाय द्राक्षांचा. दुपारी तिनं भाकरी-कालवणाचा डबा भरला, पण तो घेतला नाही. हातात डबा असला की तिला बोलता आलं नसतं.

कुलूप राखणीच्या खोपीत बाकावर बसला होता. पाच बाय पाचची खोपी, एक खिडकी, एक बाक. तिला चढ चढताना पाहून तो उठला, बाकाची एक बाजू हातानं झाडली. ती बसली नाही.

"भाऊजी, तुम्ही माणसांशी कसेही वागा," ती म्हणाली. "पण द्राक्षाबद्दल तुम्ही आजवर खोटं बोलला नाहीत."



ती बोलत गेली. काय काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलं नाही. नवऱ्यानं वेली कशा छाटल्या ते ती बोलली, थंडीत, हातमोजे न घालता. काडीवरचे कोंबाचे डोळे मोजून, दोनच डोळे राखून. राग असेल तर माझ्यावर काढा, त्यांच्या पिकावर का काढता, असंही ती म्हणाली. मग तिचा आवाज फाटला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

कुलूप दोरीपाशी गेला. वाकून आत हात घातला, एक मणी तोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला. मग साल थुंकून टाकली.

"काही कळत नाही, वहिनी."

"काय कळत नाही?"

"चव. तीन वर्षं झाली. त्या तापानंतर गेली ती गेलीच. हे द्राक्ष आहे की ओला कापूस, मला सांगता येत नाही."

तिला आधी ते पटलंच नाही. मागच्या वर्षीची वाइन किती चांगली झाली होती. त्याच्या आदल्या वर्षीचीसुद्धा. मग दिवस कुणी ठरवला?

"दादानं," कुलूप म्हणाला. "सकाळी चहा घेऊन यायचा ना माझा. चहा मी प्यायचो, आत तो जायचा. परत येऊन सांगायचा, आज नको. शेवटी एक दिवस म्हणायचा, उद्या लाव तोडणी. मी गावाला सांगायचो."

नियमाप्रमाणे ज्याला सगळ्यांत आधी अडवायचं, त्यालाच कुलूप रोज आत सोडत होता. तिला आठवलं, त्या पंधरवड्यात नवरा चहाची किटली घेऊन स्वतः जायला बघायचा आणि परतायचा तो जांभळ्या बोटांनी. मालक असून चोरून खाता, म्हणून तिनं त्याची किती थट्टा केली होती. तो हसायचा. पण सांगितलं नाही, बायकोलाही नाही. भावाची लाज त्यानं आपल्या चोरीखाली झाकली होती.

"मग मला विचारायचं होतं," ती म्हणाली.

"कसं विचारू? रोज वाटायचं, आज सांगून टाकावं, लावा तोडणी. बी तपकिरी झालीय, देठ सुटतोय, एवढं दिसतं की मला. पण आंबट किती उरलंय ते डोळ्यांना नाही कळत. थोडं आंबट उरलेलं असतानाच तोडायचं असतं. नुसतं गोड झालं की संपलं, वाइनला कणाच राहत नाही. दादाची शेवटची छाटणी. ह्याच वर्षी चुकायचं? चुकू नये म्हणून थांबत गेलो."

रिंगरोडवरून एक बस गेली, तिच्या मागोमाग दुसरी. कुलूपनं दोरीची गाठ सोडली. तिच्यासाठी दोरी वर धरली आणि मान दुसरीकडे वळवली.

ती आत गेली. लग्न होऊन आल्यापासून बंद मळ्यात तिनं पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं आणि उगाचच तिला चोरासारखं वाटलं. तिसऱ्या ओळीत तिनं एका घडाच्या सावलीकडचा मणी तोडला, मग उन्हाकडचा. चाखले. मग पुढची ओळ, मग अगदी वरची, जिथं द्राक्ष नेहमी उशिरा पिकतं. एकेक मणी ती जिभेवर दाबत होती, डोळे मिटून थांबत होती. खूप वेळ लागला. तो बाहेर उभा होता, टोपी हातात घेऊन, डॉक्टरच्या दाराशी उभं राहावं तसा.

ती परत आली.

"भाऊजी, आधी एक सांगायचंय. पीक निघालं की जमीन त्यांच्या ताब्यात जाणार. मी सही केलीय. उन्हाळ्यातच."

"ते मला ठाऊक आहे. बसथांब्यावर नकाशा लावलाय त्यांनी," तो म्हणाला. "मी द्राक्षांचं विचारतोय."

तो तिच्या तोंडाकडे बघत होता, ओठांकडे, तिथं काही दिसेल अशा आशेनं. एकेचाळीस वर्षांत त्यानं कुणाच्या तोंडाकडे असं बघितलं नसेल.

"उशीर झाला का, वहिनी?"

"नाही," ती म्हणाली. "उद्या लावा तोडणी. कालही नको होती आणि परवाही नको. नेमका दिवस धरलात."

कुलूपनं टोपी डोक्यावर घातली. त्याचा चेहरा एकदम सैल पडला, आणि तो भराभर बोलायला लागला: टोपल्या किती लागतील, कुणाकुणाला बोलवायचं, दव वाळल्याशिवाय कात्री लावू द्यायची नाही. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणत राहिली. शेवटचा मणी अजून तिच्या तोंडात होता. तो गोड होता, नुसता गोड, आणि तिनं कितीही दाबला तरी त्यातून दुसरं काही निघत नव्हतं.