चालकाचे नाव

वाळूजच्या त्या कारखान्याच्या भेटीतून लुबनाला मिळण्यासारखं बरंच होतं. अहवालाला पंचवीस मार्क, आणि ज्याचा अहवाल कंपनीला आवडेल त्या एकाला सहा महिन्यांची इंटर्नशिप. पॉलिटेक्निकच्या तिच्या वर्गातल्या बाकीच्यांना हेल्मेट घालून सेल्फी अन् कँटीनचा वडा एवढंच हवं होतं, तेव्हा शर्यतीत ती जवळजवळ एकटीच होती. शिवाय पडेगावात अब्बांच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून ‘मशीनवर पोरीचं काय काम’ विचारणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती, ती वेगळीच.

सुपरवायझर राजेंद्र सरांच्या मागं वर्ग पुढं गेला. लुबना सात नंबरच्या प्रेसपाशी रेंगाळली. या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे बोटं आत राहायची भीती नाही. पण प्रेस चालवणाऱ्या सांडू नावाच्या कामगारानं डावं बटण सायकलच्या ट्यूबनं आवळून कायमचं दाबून ठेवलं होतं.

“काका, हे असं का?”

“नजर लई बारीक हाय गं तुझी!” सांडू हसला. “दोन्ही हातांनी दाबत बसलो तर पाळीत सातशे नग निघतेत. सायबाला हजार लागतेत. मग एका हातानं पत्रा सारायचा, दुसऱ्यानं दाबायचं.”

“अन् बोट गेलं तर?”

“अकरा वर्षांत नाय गेलं. पाहिलं ते पाहिलं, लिहू नको बरं का.”

“तुमचं नाव नाही येणार, काका. काय नाव तुमचं?”

“सांडू कडूबा म्हण. नुसतं सांडू म्हटलं तर दुसऱ्या पाळीत आणखी एक हाय.”

लुबनानं शब्द दिला तो मनापासून. अडचण होती कॉलेजात अहवाल तपासणाऱ्या बद्रीनाथ सरांच्या तक्त्याची. मशीन क्रमांक, पाळी, दोष, उपाय, आणि शेवटी चालकाचे नाव. रिकाम्या रकान्याला सर अर्धा मार्क कापत. तीन वर्षांत अख्ख्या वर्गाच्या हाताला रिकामा रकाना सोसेनासा झाला होता. लायब्ररीत बसून तिनं सगळं लिहिलं, शेवटचा रकाना दोनदा सोडला, तिसऱ्यांदा भरला. सर वाचतात कुठं, भरलेले रकाने तेवढे मोजतात!

सरांनी खरंच मोजले, अन् अहवाल कंपनीला पाठवला. तिथं मात्र तो वाचला गेला.

महिन्याभरानं लुबना इंटर्न म्हणून आली तेव्हा सात नंबरवर नवा माणूस होता. बटणावरची ट्यूब जुनीच होती.

“तुझा रिपोर्ट वरच्यांना फार आवडला,” राजेंद्र सर म्हणाले.

“सांडूकाका कुठंयत?”

“काढला. कंत्राटी माणूस, नियम मोडला. लेखी आल्यावर माझ्या हातात काय राहतं?”

“पण सर, हजार तर तुम्हीच मागत होतात.”

“ते लेखी नव्हतं.”

सांडू तिला सापडला क्रांती चौकात, एका कापडदुकानापुढं गिऱ्हाइकांच्या गाड्या लावून घेताना. काय बोलायचं ते तिनं रिक्षात तीनदा घोकलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, “काका, चुकलं माझं.”

“व्हय, चुकलंच,” सांडू म्हणाला. एक स्कूटर सरळ करून त्यानं विचारलं, “मार्क किती पडले?”

“चोवीस.”

“कितीपैकी?”

“पंचवीस.”

“मग एक कुठं कापला गं?”

“तक्त्याची रेघ वाकडी आली म्हणून.”

सांडू हसला, पण या खेपेला तोंडापुरतंच. “आमची पोरगी संस्कृती यंदा पॉलिटेक्निकला जाणार व्हती. तुझ्यासारखीच, मशीनचं लई येड. म्हटलं, राहू दे या साली.”

लुबनाकडं त्याला द्यायला काही नव्हतं. पर्समधलं इंटर्नशिपचं ओळखपत्र तिनं आणखी आत सारलं.

चोवीस मार्क लुबनाला मिळाले, बद्रीनाथ सरांना कंपनीचं आभारपत्र आलं, राजेंद्र सरांचे हजार नग रोज निघत राहिले. किंमत भरली ती सांडूनं, आणि कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या त्याच्या पोरीनं.