मसुद्यातला राग

धाकटीने न विचारता नऊशे पानांच्या वनस्पतिकोशाची सूची दहा दिवसांत करून द्यायचा शब्द प्रकाशकाला दिला, आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोघी बहिणी दोन गावांत राहून पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या शब्दसूच्या बनवत. धंदा एक, ईमेलची पेटीही एकच. धाकटी ती फोनवर बघे. थोरलीच्या म्हाताऱ्या संगणकाला चित्रंबित्रं झेपत नसत, म्हणून तिच्याकडे नुसत्या अक्षरांची काळी खिडकी होती. एक आज्ञा टाइप केली की तिच्या संगणकातली टपालाची प्रत आणि नेटवरची ती पेटी एकमेकींशी जुळत.

थोरली तोंडावर कधी चिडत नसे. "काही नाही गं, चालेल," म्हणायची आणि मसुद्यांच्या कप्प्यात मन मोकळं करायची. लिहायचं, थंड व्हायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं. आपल्या संगणकातलं कोण बघतंय? सात वर्षं हा उद्योग बिनबोभाट चालला होता.

आज तिने पाच मुद्दे लिहिले. पाचवा होता, "या पुस्तकानंतर तू तुझी, मी माझी." मसुदा ठेवून तिने नेहमीप्रमाणे टपाल जुळवलं. नेट रखडलं होतं, म्हणून एरवी भर्रकन सरकणाऱ्या ओळी पहिल्यांदाच नीट वाचल्या गेल्या. 'मसुदे: वर पाठवले १.'

वर? म्हणजे धाकटीच्या फोनवर! आणि आजचाच नव्हे, सात वर्षांचे सगळे!

"अगं बाई!" ती रिकाम्या खोलीत ओरडली. तिला भांडण हवं होतं, पण धाकटी तुटायला नको होती. अर्धा तास येरझाऱ्या घातल्यावर तिने मसुदा पुसला आणि तो वरूनही जावा म्हणून पुन्हा आज्ञा दिली. 'मसुदे: खाली आले १.'

तोच मसुदा होता, पण प्रत्येक मुद्द्याखाली धाकटीची ओळ होती.

'न विचारता शब्द देतेस.' खाली: "देते. चुकलं."

'लॅटिन नावं माझ्याच गळ्यात मारतेस.' खाली: "तोंडावर म्हणाली असतीस तर शिकले असते."

'माझं ऐकतच नाहीस.' खाली: "ताई, तुझे मसुदे वाचूनच तर मी पानांचे आकडे दोनदा तपासायला लागले."

'सूचीत अळिंबी बुरशीखाली घालतेस.' खाली: "तिथेच जाते ती. मी मागे हटणार नाही."

पाचव्याखाली फक्त, "हे फोन करून सांग."

थोरलीचे डोळे भरून आले. तिने फोन लावला आणि चारही मुद्दे दहा मिनिटं अगदी आवाज चढवून सुनावले. धाकटीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आणि पाचवा?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"पाचवा कुठला? चारच आहेत," थोरली म्हणाली. "आणि अळिंबीचं माझंच बरोबर आहे."