दिल्लीच्या मासिकात मी वारले

मी वारले, हे परागनं मले वाचून दाखवलं तेव्हा मी मेथी निवडून राहिली होती.

पराग म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, अच्युतचा पोट्टा. तो अन् त्याचे दोस्त मिळून एक बँड चालवतात. जुनी गाणी घ्यायची, त्याले गिटार लावायची, अन् कपडे असे घालायचे की दारात उभे राहिले तर कोणी हातावर चिल्लर ठेवावी. रायपूर राजधानी झाल्यापासून इथं सगळं नवं पाहिजे, तर हेही नवं. त्यांच्या नव्या अल्बममध्ये एक गाणं मी म्हटलं आहे. भुलाबाईचं. लहानपणी पुरानी बस्तीत आम्ही पोट्ट्या घरोघरी फिरून म्हणायचो, त्यातलंच. कंजूस नणंद मिठाईच्या डब्याले कुलूप लावते अन् किल्ली हरवून बसते, एवढीच त्याची कथा. रेकॉर्डिंग झालं भनपुरीले, माझे दीर शामराव यांच्या गोदामात. बाहेर ट्रक, आत मी, अन् माझी डावी दाढ अशी ठणकत होती की काही विचारू नका.

आता दिल्लीच्या इंग्रजी मासिकात समीक्षा आली होती. परागले मराठी सगळी समजते, पण तोंडातून हिंदीच निघते, तर त्यानं हिंदीत सांगितलं. या अल्बमचा आत्मा म्हणजे एका अज्ञात आदिवासी वृद्धेचा आवाज. बस्तरच्या जंगलात कधीकाळी कोणी टिपलेला. गाणारी बहुधा हयात नसावी. मागे दूर कुठंतरी शिकारीचं शिंग वाजते. अन् तिच्या स्वरात शतकांची वेदना आहे.

शिंग म्हणजे ट्रकचा हॉर्न. वेदना होती, नाही कशाले म्हणू, पण ती दाढेची.

दिल्लीवाल्यांनी निदान मारून तरी कौतुक केलं. इथल्या हिंदी पेपरानं विचारलं, यात छत्तीसगढ कुठं आहे. पुण्याच्या एका विद्वानानं लिहिलं की भाषा अशुद्ध आहे. आम्ही भोसल्यांच्या काळापासून इथं राहून राहिलो, अन् हे आम्हाले आमची भाषा शिकवणार. बरं आहे बाप्पा.

आता तुम्ही म्हणाल, कव्हरवर तुमचं नाव नव्हतं का? नव्हतं. अच्युतचं म्हणणं, गाणं माहेरचं आहे, कलावती कोठेकर छापा. शामरावांचं म्हणणं, गोदाम आमचं आहे, वहिनी डबीर आहेत. मग श्रीमती लावायचं की नाही, त्याच्यावर दोन्ही घरांत रोज फोन. लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या नावांवरून जेवढं रामायण होते, तेवढं एका सीडीवरून झालं. मी म्हटलं, नुसतं कलावती छापून टाका. तर दोघंही एका सुरात, मोठ्या माणसाचं नुसतं नाव कसं छापायचं? तिकडे छापखाना घाई करून राहिला होता. शेवटी आदरापोटी काहीच छापलं नाही. एवढा आदर झाला माझा की मी दिसेनाशीच झाली.

मले मात्र नाव पाहिजे होतं, खरं सांगते. अख्खी नोकरी मी साहेबांच्या सहीची पत्रं टाइप करण्यात घालवली. एक गाणं तरी माझ्या नावावर असावं, एवढंच मनात होतं.

मी परागले म्हटलं, "त्यांले कळव, बाई जिवंत आहे, समता कॉलोनीत राहते."

पराग डोकं खाजवायले लागला. "आत्या, दिल्ली के फेस्टिवल वालों ने उसी आवाज़ के लिए बुलाया है."

म्हणजे मी जिवंत निघाली तर यांचं बोलावणं मेलं. अन् एवढ्यावर भागलं नव्हतं. तो समीक्षक स्वतः येणार होता. बस्तरात जाऊन माझं गाव शोधणार होता, अन् वाटेत एक जेवण आमच्याकडे.

"खाना तो आप ही बनाओगे ना?" परागनं विचारलं.

केला. वडाभात केला, वरून घ्यायले फोडणीचं तेल. समीक्षक आले. घरात टेबल असून खाली बसले, म्हणजे आपल्या मातीशी जवळीक. दोन्ही बाजूंनी अच्युत अन् शामराव, समोर पराग. मी वाढत होती अन् ते माझं वर्णन करत होते. मी कधी शहर पाहिलं नसेल. माझ्या पायात कधी चप्पल नसेल. ते गाणं मी गेलेल्या नवऱ्यासाठी म्हटलं असेल. मी म्हटलं, तेल अजून घ्या.

ज्या दोघांनी माझ्या आडनावासाठी फोन तापवले, ते माना हलवून राहिले होते.

मले राहवलं नाही. वाडगं खाली ठेवलं, बसली, अन् तेच गाणं म्हटलं. समीक्षकांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "सुंदर, माँजी. पर सीखा हुआ लगता है. उस औरत का दर्द सीखने से नहीं आता."

बरोबर आहे. दाढ मी मागेच काढून टाकली.

मी म्हटलं, "वो औरत मैं ही हूँ. कलावती नाम है मेरा."

समीक्षकांनी अच्युतकडे पाहिलं. अच्युत हसला. "दीदी को मज़ाक की आदत है, सर."

दिल्लीनं मारलं त्याचं मले काही वाटलं नव्हतं, हसूच आलं होतं. पण सख्ख्या भावानं माझ्याच घरात, माझंच जेवत मले पुसून टाकलं, ते फार लागलं. डोळे भरून आले. मी वाडगं उचललं अन् आत जायले निघाली.

"बाबा, खोटं काहून बोलून राहिले?"

मले वाटलं दुसरंच कोणी बोललं. पराग होता. मग समीक्षकांकडे वळून हिंदीत म्हणाला, "सर, आवाज़ इन्हीं की है. भनपुरी के गोदाम में रिकॉर्ड किया. नाम हमने नहीं छापा, ग़लती हमारी है."

समीक्षकांनी भात चिवडला. "और बस्तर?"

"बस्तर तो आपने लिखा था, सर."

दही न घेताच गेले बिचारे. फेस्टिवलचं बोलावणंही त्यांच्या मागोमाग गेलं. अच्युतनं पोराशी बोलणं सोडलं.

पुढच्या अंकात खुलासा आला. पराग मासिक पाठीमागे लपवून दारात उभा. मीच हिसकून घेतलं अन् त्याले वाचायले लावलं. संबंधित गायिका रायपूरच्या निवृत्त टायपिस्ट कलावती असल्याचं समजते. पुन्हा ऐकल्यावर आवाज हौशी अन् सपाट वाटतो, वेदना ओढूनताणून आणलेली आहे.

गाणं तेच, सीडी तीच, कानही तेच. अच्युत अन् शामराव, दोघांचेही फोन येऊन गेले. टीकेचं काही नाही, आडनाव काहून नाही, म्हणून.

मी परागले म्हटलं, "पुन्हा वाच."

"आत्या, बुराई लिखी है."

"हव, पण कोणाची लिहिली आहे, ते वाच."