मानाची बाजू

भाड्याच्या लाँचवर पाय ठेवल्या ठेवल्या कप्तानानं हुकूम सोडायला सुरुवात केली. दोर असा सोड, सुकाणू तसं धर. लाँचवाला दर वेळी "हो साहेब" म्हणायचा आणि आपल्याला हवं तेच करायचा. त्यामुळे दोघंही खूश होते.

कप्तानामागून चीफ ऑफिसर, त्याच्यामागून रेडिओवाला. निवृत्त होऊन जमाना झाला तरी लाँचवर चढायचं ते ज्येष्ठतेनंच. तिघांनीही कपाटातले पांढरे गणवेश चढवले होते. चीफ ऑफिसरनं पोटावरचं बटण श्वास रोखून लावलं होतं आणि तेव्हापासून तो फारसा बोलला नव्हता.

ज्याच्यासाठी हा थाट, तो इंजिनिअर मात्र बायकोच्या मांडीवर, डब्यात होता. हयातभर या तिघांनी त्याला आपल्या टेबलाशी जेवायला बसू दिलं नाही, अंगाला तेलाचा वास येतो म्हणून. राखेला तेलाचा वास येत नाही. तेव्हा आता तो 'आपला सागरी बंधू' झाला होता.

बाईचं म्हणणं एवढंच होतं. "डबा मी रिकामा करणार," तिनं धक्क्यावरच सांगून टाकलं होतं. "वर्षातले दहा महिने हे तुमच्याकडे. दोन महिने माझ्याकडे, त्यातलेही निम्मे झोपेत. आता शेवटचं तरी माझ्या हातून होऊ दे."

"अर्थात वहिनी, अर्थात," कप्तान म्हणाला होता. वादळ समोर दिसत असताना प्रवाशांना धीर द्यायचा त्याचा जो सूर होता, त्याच सुरात.

किनारा पुसट झाल्यावर कप्तानानं इंजिन बंद करायला लावलं. आदर म्हणून. ज्या माणसानं इंजिन बंद पडू नये यासाठी जन्म घालवला, त्याच्या आदरासाठी! लाँच वाऱ्याला आडवी झाली आणि डुलायला लागली.

"सगळे उजवीकडे या. मानाची बाजू."

"कप्तान, वारा तिकडूनच येतोय," रेडिओवाला पुटपुटला.

"मला वारा शिकवतोस?"

"तसं नाही, पण एवढ्याशा लाँचला कसली आलीय मानाची बाजू…"

"माझ्या कारकिर्दीत एकही विधी डावीकडून झालेला नाही!"

वाऱ्याच्या तोंडावर थुंकायचंसुद्धा नाही, असं या तिघांनी नव्या पोरांना आयुष्यभर दरडावलं होतं. तरी चीफ ऑफिसर ताठ मानेनं उजवीकडे गेला. पाठोपाठ रेडिओवालाही. चूक दिसत असूनही वरिष्ठासोबत करायची, यालाच ते शिस्त म्हणत आले होते.

"वहिनी, तुमचा तोल जाईल हो," म्हणत कप्तानानं डबा घेतला. तिनं दिला नव्हता, त्यानं घेतला. मग भाषण. 'दर्याचा सुपुत्र' वगैरे. हा सुपुत्र जहाजाच्या तळाशी असायचा, त्याला आठवडा आठवडा दर्या दिसायचा नाही. भाषण संपवून कप्तानानं झाकण काढलं आणि डबा उपडा केला.

राख पाण्यापर्यंत पोचलीच नाही. वाऱ्यानं ती वरच्या वर उचलली आणि तिघांवर आणून टाकली. छातीवर, बाह्यांवर, रेडिओवाल्याच्या चष्म्यावर, कप्तानाच्या मिशीत.

चीफ ऑफिसरनं सवयीनं कोट झटकायला हात उचलला.

"हात लावायचा नाही!" बाई कडाडली. "धूळ नाहीये ती, नवरा आहे माझा. काढा कोट. तिघंही."

"वहिनी, सोनेरी पट्टे आहेत त्यावर. खारं पाणी लागलं तर…" चीफ ऑफिसर म्हणाला.

"जन्मभर खाऱ्या पाण्याच्याच बढाया मारल्यात ना, भाऊजी? काढा म्हणते ना."

कोट निघाले. आत एकाचंही बनियन धड नव्हतं.

बाई कोट घेऊन दुसऱ्या बाजूला गेली, कठड्यावरून वाकली आणि एकेक धुवायला लागली. खिसे उलटे करून, कॉलर चोळून, पट्ट्यांच्या शिवणीत नख घालून. नवऱ्याचे तेलकट कपडे दर सुट्टीत तीच धुवायची. हात सरावलेले होते. पाणी जरासं गढुळलं, पुन्हा निवळलं.

तिघं बनियनवर कुडकुडत उभे होते. शेवटचा कोट पिळून तिनं चीफ ऑफिसरच्या अंगावर फेकला आणि मागे वळून बघितलं.

"कप्तानसाहेब, मिशी राहिली."

"वहिनी, ते मी घरी जाऊन…"

"घरी? तुमच्या मोरीत?"

कप्तानानं बाकीच्या दोघांकडे बघितलं. चीफ ऑफिसर कोटाचं पाणी निथळवण्यात गुंतला. रेडिओवाल्यानं चष्मा आधीच निमूटपणे तिच्या हाती दिला होता. मग कप्तान गुडघे टेकून कठड्यावर वाकला आणि शाळेला निघालेल्या पोराचं धुवावं तसं तिनं त्याचं तोंड खसाखसा धुतलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. त्याला दूर सारून तिनं आपला तळहात पाण्यात सोडला आणि बराच वेळ तसाच ठेवला.