चांदरीची धार

खुब्याचा गोळा मोडला तेव्हा बायडाबाईच्या डोक्यावर गवताचा भारा होता. भाजे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात त्यांची वाडी. दुष्काळानंतरचं पहिलं चांगलं गवत, सगळी वाडी कापणीला लागलेली. उतारावर पाय निसटला, भारा एकीकडे गेला आणि बाई दुसरीकडे. झोळीत घालून तिला खाली आणली. लोणावळ्याच्या दवाखान्यात पुण्याहून डॉक्टर येत असे. त्याने मोडका गोळा काढून पोलादाचा बसवला.

शुद्धीवर आलं की माणूस पाणी मागतं. बायडाबाईने विचारलं, "धारंला कवा बसता यील?"

डॉक्टर वयाने लहान, पण सरळ बोलणारा. म्हणाला, "आजी, तुम्ही चालाल. सवयीने डोंगरही चढाल. पण उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. बसलात तर गोळा खोबणीतून निसटेल."

"ह्या म्हैन्यात न्हाई?"

"या जन्मात नाही."

बायडाबाई भिंतीकडे तोंड करायला गेली. कुशीवर वळायचीही बंदी होती. दोन्ही पायांच्या मधे उशी बांधलेली.

धार म्हणजे चांदरीची. चांदरी म्हणजे कपाळावर पांढरा चांद असलेली त्यांची म्हैस. पारडी असताना तिची आई मेली, तेव्हा बायडाबाईने बोटं दुधात बुडवून, ती चोखायला देऊन तिला जगवली. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात कासेला लागला की ती लाथ झाडी. आता घरात म्हातारा नवरा कोंडू एकटा, आणि चांदरी दुधावर.

कोंडू मळवलीला गाडी धरून भेटीला यायचा. खाटेच्या पायथ्याशी भुईवर बसायचा.

"दिली का धार?" बायडाबाईचा पहिला सवाल.

"दिली. तुजं हिरवं लुगडं नेसलो, डोईवर पदर घेतला, तवा तांब्याभर दिली. नंतर हुंगलं मला आन बादली उडवली."

शेजारच्या खाटेवर धोंडाबाई होती. चिक्कीच्या दुकानात कामाला, हात प्लास्टरात, जीभ मोकळी. "भाऊ, चोळी बी घालता का हो?"

"बसत न्हाई, बाई. न्हाईतर ती बी घातली असती."

धोंडाबाई हसून हसून कळवळली. कोंडू मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "अंबाजी आलता."

अंबाजी कामशेतचा, जनावरांच्या खरेदी-विक्रीतला माणूस. तो उगाच कुणाच्या गोठ्यात डोकावत नसे.

"ऐतवारी पुन्यांदा यील. मी असा किती दिस नेसनार? धार तुंबून कास सुजली तर जनावर हकनाक जायाचं. तुला बसता येनार असंल तर ठिवू. यील न्हवं?"

"यील की," बायडाबाई म्हणाली.

ते खोटं रात्रभर पोलादाच्या गोळ्यापेक्षा जड झालं. सकाळी तिला चार पायांची लोखंडी घोडी, वॉकर, धरून चालवलं. रतन सिस्टर पाठमोरी झाली, तशी बायडाबाईने खाटेचा दांडा धरला आणि हळूहळू खाली सरकू लागली.

सिस्टरने वळून काखेत हात घालून तिला वर उचललं. "मावशी, काय करताय?"

"बसून बघतीय."

"तेवढं बघण्यात पाय जाईल ना."

मग बायडाबाईने सगळं सांगितलं. चांदरी, लुगडं, अंबाजी, आणि आपण बोललेलं खोटं. सिस्टरने ऐकून घेतलं. "म्हशीतलं मला काही कळत नाही, मावशी. पण ही खाट तुम्हाला बुटकी पडते. उठताना खुबा फार दुमडतो." तिने गड्याला हाक मारली. त्याने लाकडाचे चार ठोकळे आणले आणि खाटेच्या पायांखाली सरकवले. खाट वर आली.

बायडाबाई काठावर टेकली. पाय भुईला लागत होते आणि खुब्यात कळ नव्हती. वाकायची सोय नव्हती, म्हणून मान तिरकी करून ती त्या ठोकळ्यांकडे बघत बसली.

"सिस्टर, मला खाली जाता येत न्हाई, म्हनून खाट वर आली?"

"हो. मग?"

"मग म्हस का न्हाई येनार?"

शनिवारी कोंडू आला. तिने त्याला बसू दिलं नाही. "मी खोटं बोलले. मला उकिडवं बसता येनार न्हाई. कदीच."

कोंडूने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मंग अंबाजीला..."

"आदी हितं उबं ऱ्हावा."

सिस्टरकडून तिने उंच स्टूल मागून घेतलं होतं. त्यावर ती बसली, गोळा बसवलेला पाय पुढे लांब सोडला, दोन्ही मुठी धारेला धरतात तशा धरल्या. मग कोंडूच्या मांडीवर बोट टेकवलं. "आपल्या चांदरीची कास हितवर आली पायजे. तिच्या पायाखाली किती दगूड लागंल?"

कोंडूचा जन्म खाचरांचे दगडी बांध रचण्यात गेलेला. त्याने डोळ्यांनीच माप घेतलं, तरी खिशातल्या सुतळीला गाठ मारलीच. "म्हशीला ओटा? वाडी हासंल की."

"लुगडं नेसला तवा काय रडली व्हती?"

धोंडाबाईला प्लास्टराच्या हाताने टाळी वाजवता येईना, म्हणून तिने खाटेवर थाप मारली.

त्यानंतर कोंडू फिरकला नाही. धोंडाबाई म्हणाली, "इकली असंल गं." बायडाबाई उठायची, घोडी धरून जायची, यायची.

तो आला तेव्हा त्याची बोटं दगडांनी सोलली होती. तो नेहमीसारखा भुईवर बसला.

"झाला वटा. चढाय उतार केला, वर मुरूम दाबला."

"अंबाजी?"

"आलता. अर्दा वटा बघितला, मला बघितलं, आन चा न पिताच गेला."

"चढली का?"

"फुडचे दोन पाय ठिवले. मागचे भुईवरच. तशीच उबी ऱ्हायली, माज्याकडं बघत."

"लुगडं नेसलावता?"

"न्हाई. दगूड चढवताना पायात यायचं."

बायडाबाई जराशी हसली. "तिला वढू नका. फुडचे ठिवलेत न्हवं? मागच्यांचं मी आल्यावर बघू." आणि तिने हात पुढे केला. "ती घोडी सरकवा हिकडं. आज पार पायरीपातूर जायाचंय."