जिनोआच्या धक्क्यावरची हाक

अजून कुणी कुणी मला विचारतं, "आजी, तुम्ही म्हणे इटलीला जाऊन आलात. काय पाहिलंत तिथं?" मी सांगते, समुद्र पाहिला, दगडी जिने पाहिले, आणि माझ्या थोरल्या जावेला तिच्या नवऱ्याचं नाव घेताना पाहिलं. पहिल्या दोन गोष्टींना लोक मान डोलावतात. तिसरी ऐकून हल्लीच्या सुना हसतात. त्यांना वाटतं, त्यात काय एवढं. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

आमचं गाव संगमनेरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी. घरात दोघे भाऊ. थोरले कानिफनाथ, त्यांची बायको केशरबाई. धाकटे सहादेव, त्यांची मी. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं मानायचे. उखाण्यात तेवढं चालायचं, तेही बायकांत, पदरात तोंड लपवून.

आमच्या विहिरीला सुरुंग लावायचं काम चाललं होतं. बार उडाले, एक उडायचा राहिला. बराच वेळ झाला म्हणून सहादेव कडेच्या खडकापाशी बघायला गेले. मी भाकरी घेऊन बांधावर पोचले होते. मला त्या खडकातून धूर निघताना दिसला. "अहो, अहो" म्हणून ओरडले. वारा उलटा होता. मग जिवाच्या आकांतानं हाक मारली, "सहादेव!" त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बार उडाला.

दहाव्याला बायका घाटावरून परत आल्या तेव्हा केशरबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मरण वाट चुकलं हुतं. हिनं नाव घेऊन यमाला पत्ता दिला."

हे एक वाक्य गावभर झालं, मग पंचक्रोशीत. मी पाणवठ्यावर गेले की बायका आपापले नवरे धड आहेत ना, हे बघायला घरी पळायच्या. तेही सोसलं असतं. पण माझी छबू लग्नाला आली, कर्जतहून चांगलं स्थळ आलं, चहा-पोहे झाले, आणि मुलाच्या मावशीला केशरबाईंनी गोठ्यामागं नेऊन तेच वाक्य ऐकवलं. ते लोक पुन्हा आले नाहीत. "आईची जीभ काळी, लेकीची कशी असंल," असा निरोप आला. खळ्यात मेढ रोवावी तसा राग त्या दिवशी माझ्या मनात रोवला गेला. बैल तिच्याभोवती फिरतात तशी मी त्याच्याभोवती फिरत राहिले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी केशरबाईंची लेक विजयमाला बाळंत व्हायची होती. तिचा नवरा श्रीमंतराव मोठ्या जहाजांचा इंजिनियर. त्याची नेमणूक इटलीत, जिनोआ नावाच्या बंदराच्या गावी होती. पहिलटकरणीला एवढ्या लांबून माहेरी आणणं नको, तुम्हीच या, म्हणून त्यानं तिकिटं पाठवली. केशरबाईंना बाळाला धड पायावर घेता येत नव्हतं. घरातली सगळी बाळं मीच न्हाऊ घातलेली. म्हणून माझंही तिकीट आलं. काळी जीभ तेवढ्यापुरती चालत होती. आणि विमानात बसायला मिळतंय म्हटल्यावर भाऊजी, म्हणजे थोरले कानिफनाथ, ते कसले मागं राहतात? शेगडी, ओवा, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू आणि भाऊजींचा गुलाबी फेटा, असं सगळं घेऊन आम्ही निघालो.

जिनोआ हे गाव उभं आहे, आडवं नाही. खाली समुद्र, लगेच डोंगर, आणि त्या डोंगरावर एकाच्या खांद्यावर एक घरं. विजूचं घर वरच्या अंगाला होतं. खाली उतरायला डोंगराच्या पोटातून लिफ्ट होती. लांब बोगद्यातून चालत जायचं आणि खाली थेट रस्त्यावर बाहेर पडायचं. लिफ्ट नको असली तर पायऱ्या होत्याच, जिकडं बघावं तिकडं पायऱ्या. खालचं जुनं गाव म्हणजे गल्ल्यांचं जाळं. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत अशा गल्ल्या. वर पाच-सहा माळ्यांची घरं, खिडक्यांतून वाळत घातलेली धुणी, ऊन खाली पोचतच नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीत कोनाडा, कोनाड्यात मेरीमाता, पुढं दिवा.

बाळंतिणीला दूध, भाजी लागायची. केशरबाई पहिल्याच दिवशी गल्लीत शिरून रडत परतल्या. मग ते काम माझ्याकडे आलं. मी पाटाचं पाणी धरलेली बाई. मला एक गोष्ट लगेच कळली, की पाणी जिकडं वाहील तिकडं समुद्र आणि पाणी जिकडून येतं तिकडं घर. तेवढं धरलं की चुकायला होत नाही. दुधाला लात्ते म्हणतात हे शिकले. डाव्या अंगाची मेरीमाता, पुढं न्हाव्याचं दुकान, मग मासळीचा वास, मग एकदम उजेड आणि धक्का. धक्क्यावरून लांबवर जुना दीपस्तंभ दिसायचा. महिन्याभरात भाजीवाली मला बघून लांबूनच तुळशीसारख्या पाल्याची जुडी हलवायला लागली. त्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून कुणी वळून आपल्या नवऱ्याकडे बघतही नव्हतं.

भाऊजी मात्र रोज चुकायचे. वाट विचारायला त्यांना कमीपणा वाटायचा. "उसात शिरल्यावर वाट इचारत्यात का कुनी?" असं म्हणायचे, आणि कुणीतरी सज्जन माणूस त्यांना हाताला धरून घरी आणून सोडायचा.

बारसं झालं. एका रविवारी श्रीमंतराव म्हणाले, "बंदर दाखवणारी एक छोटी पांढरी बोट असते. तासाभरात फिरवून आणते. तिघं जाऊन या. तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर मिळतं." ते विजूजवळ थांबले. आम्ही निघालो. वाट मी दाखवत होते, तरी भाऊजी दहा पावलं पुढं.

धक्क्यावर आलो तर समोर एक मोठी पांढरी बोट लागलेली, तीन-चार माळ्यांची. माणसांची ही गर्दी. ट्रंका, करंड्या, लेकरं. मागचा दरवाजा उघडून मोटारी आत चढवणं चाललं होतं.

"बोट ती बोट. पांढरीच हाय," भाऊजी म्हणाले. "आन गर्दी तर बगा. तुमी सावकाश या, मी म्होरं होऊन जागा धरतो."

"अहो, पण तिकीट?" केशरबाई म्हणाल्या.

"कंडक्टर देतो की आत!"

संगमनेरच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून उपरणं टाकून जागा धरायची, ही त्यांची जन्माची सवय. खांद्यावरचं उपरणं हातात घेऊन, मोटारींच्या मधून, हमालांच्या मागून ते आत घुसले सुद्धा. थोड्या वेळानं वरच्या मजल्यावर गुलाबी फेटा दिसला. त्यांनी बाकावर उपरणं अंथरलं, आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवले, आणि मग पलीकडं वळून समुद्र बघत उभे राहिले.

मला शंका आली. छोटी बोट म्हणाले होते आणि ही तर हवेलीएवढी. शेजारी एक म्हातारी कुणाला तरी निरोप द्यायला आली होती. मी बोटीकडे बोट दाखवून हातानं विचारलं, कुठं? ती म्हणाली, "सार्देन्या." मला कळलं नाही हे बघून तिनं दोन्ही तळवे गालाखाली घेतले, डोळे मिटले, मग उघडून लांब समुद्राकडे हात केला. म्हणजे रात्रभर झोपून जायचं, पार दुसऱ्या मुलखाला.

मी केशरबाईंना सांगितलं. त्याच वेळी भोंगा झाला आणि माणसं दोर सोडायला लागली.

"अहो!" केशरबाई ओरडल्या. "अहो, ऐकलं का! उतरा खाली!"

धक्क्यावरचा प्रत्येक माणूस कुणाला ना कुणाला ओरडत होता. त्या कालव्यात 'अहो' कुठं जाणार? दोन-चार इटालियन पुरुषांनी मात्र वळून पाहिलं.

"विजूचं नाना! ओ विजूचं नाना!"

फेटा हलला नाही.

केशरबाईंनी माझा दंड धरला. "राहे, तू हाक मार. तुजा आवाज लई मोटा हाय. पाखरं राखताना चार शेतं ऐकू जायचा."

खरं होतं ते. मी नुसतं "भाऊजी" म्हणून ओरडले असते तरी त्यांनी वळून पाहिलं असतं. मला हेही ठाऊक होतं, की भाऊजी गेलेच तर परत येतील. बोट काही बुडत नव्हती. जावई दोन ठिकाणी फोन करील आणि परतीच्या बोटीनं कुणीतरी त्यांना आणून सोडील. केशरबाईंना यातलं काही सुचत नव्हतं. त्यांना दिसत होता फक्त काळा समुद्र आणि त्यात जाणारा नवरा. मी त्यांना काही सुचवलं नाही.

"मी हाक मारू?" मी म्हणाले. "माझ्या हाकेनं माणसं मरत्यात ना, बाई?"

"अगं, ही काय येळ हाय का?"

"तुमीच सांगितलं साऱ्या मुलखाला. कर्जतच्या मावशीला गोठ्यामागं नेऊन सांगितलं. मी यमाला पत्ता देते म्हणून. इथला पत्ता देऊ का त्याला?"

"पाया पडते तुज्या."

"पाया नका पडू. नाव घ्या. नाव ऐकलं की मानूस कुठल्या बी गर्दीत वळतंय. माजं वळलं हुतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं मी अजून जपून ठेवलं आहे. मोटारींचा दरवाजा हळूहळू वर उचलला जाऊ लागला होता. केशरबाईंनी पदर सोडला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, परक्या मुलखात ओरडल्या, "कानिफनाथ! ओ कानिफनाथ!"

फेटा गर्रकन वळला.

बोट चुकली हे त्यांना कळलं नाही, पण बायकोनं नाव घेतलंय म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे कळलं. धडाधडा जिने उतरत ते दरवाज्याशी आले. दरवाजा धक्क्यापासून हातभर उचलला गेला होता. कुणी अडवायच्या आत त्यांनी उडी मारली. पाय घसरला. एका खलाशानं मागून कॉलर धरली, दुसऱ्यानं पुढून हात, आणि भाऊजी धक्क्यावर आडवे पडले. फेटा सुटून पाण्यात गेला. लांबच लांब गुलाबी कापड त्या काळ्या पाण्यावर उलगडत चाललं होतं.

ते घसरले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते. केशरबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. बांधावर माझं तोंड कसं झालं असेल, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. तिथं दिसलं.

भाऊजी उठले. गुडघा फुटला होता. पहिलं काय बोलले, तर, "नाव घेतलंस? मानसांत? लाज न्हाई वाटली?"

"हिनं..." केशरबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या.

"मी तोंड सुदीक उघडलं न्हाई, भाऊजी," मी पदर पुढं ओढून म्हणाले. खोटं होतं का ते? हाकेपुरतं तरी खरं होतं.

त्यानंतर निघेपर्यंत केशरबाईंनी जेवण अर्ध्यावर आणलं. भाऊजींना साधी शिंक आली तरी त्या दचकायच्या. देवळाची सोय नाही, म्हणून गल्लीतल्या मेरीमातेपुढं रोज हात जोडायला जायचं त्यांनी ठरवलं. पण एकट्या कशा जाणार? रोज मलाच म्हणायच्या, "राहे, नेतीस का?" मी न्यायची. लिफ्टनं नाही, पायऱ्यांनी. डाव्या अंगाची मेरीमाता अगदी जवळ होती. मी त्यांना पार खालच्या मासळीबाजाराशी असलेल्या मेरीमातेकडे न्यायची आणि डोंगर चढवून परत आणायची. धापा टाकत त्या म्हणायच्या, "जवळ दुसरी न्हाई का गं?" मी म्हणायची, "हीच लई जागृत हाय म्हनत्यात."

घरी परतल्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी छबूला पारनेरकडचं स्थळ आलं. मुलाची आई, लंकाबाई नावाची, शांत पण चौकस बाई होती. पोहे झाल्यावर तिनं विचारलंच, "पोरीचे वडील कशानं वारले? आमच्या कानावर कायबाय आलंय."

ओसरीवर भाऊजी बसले होते, गावातले दोघं होते. मी म्हणाले, "आमच्या थोरल्या बाई सांगतील. घरातलं समदं त्याच सांगत्यात. नाव घेतल्यानं काय हुतं, त्यांना चांगलं ठाऊक हाय."

केशरबाईंनी भाऊजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इटलीतली गोष्ट गावात अजून कुणाला माहीत नव्हती. भाऊजींनी कुणाला सांगितली नव्हती आणि मी सांगितली नव्हती.

"सुरुंगानं गेलं," त्या म्हणाल्या. "दगड डोक्यात बसला."

"आन हाक मारली म्हनत्यात ती?"

"बायकोनं वाचवायला हाक मारली. नाव घेऊन कुनी मरत न्हाई. ज्यानं कुनी उठवलं त्यानं झूट उठवलं." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले, ते मी डोळे भरून पाहिलं.

लग्न ठरलं. पाहुण्यांची बैलगाडी वळणाआड गेली तशा केशरबाई माझ्यामागं चुलीपाशी आल्या. हात धरून हळूच म्हणाल्या, "राहे, आता झालं ना तुज्या मनासारखं? मग खरं सांग. यास्नी काय हुनार न्हाई ना? न्हाईच हुत ना काय नावानं?"

एक शब्द बोलले असते तर त्यांच्या छातीवरचा दगड उतरला असता. मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मला काय ठाऊक, बाई?" मी म्हणाले. "मी तर तुमच्याकडूनच शिकले."

भाऊजी नव्वदी गाठून गेले. केशरबाई त्यांच्याआधी गेल्या. तोवर त्या वरचेवर मला हेच विचारत राहिल्या, कधी सणाला, कधी भाऊजींना ताप आला की. दर वेळी मी त्यांना हेच उत्तर दिलं.